सर चुकलेत, असं म्हणायचं कोणी?

या वसंतात आमचे आयरिश सर गेले. निरोपाच्या सभेत सगळे त्यांच्याबद्दल इतकं गोड बोलले, की शवपेटीत दुसराच कोणी आहे की काय अशी मला शंका आली. शांत, प्रेमळ, विद्यार्थ्यांचा आधार वगैरे. मी मागच्या बाकावर बसून मनात म्हणत होतो, अहो, हा माणूस काय चीज होता ते मला विचारा.

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका खेड्यातून सर तरुणपणी जर्मनीत आले. आले होते वर्षभरासाठी. ब्योब्लिंगेन गावाजवळच्या एका कारखान्यात गिअरबॉक्स बनवता बनवता इथल्याच बाईंशी लग्न केलं आणि पुढे आमच्या कॉलेजात मशीन डिझाइन शिकवायला लागले. त्यांचं जर्मन गाणं म्हटल्यासारखं वरखाली व्हायचं. अख्ख्या इमारतीत चहात दूध घालणारी माणसं दोनच, ते आणि मी. एवढ्या भांडवलावर आमची ओळख झाली.

त्यांची एक खोड होती. प्रत्येक तासाला फळ्यावर एक आकृती मुद्दाम चुकीची काढायची आणि साळसूद चेहऱ्याने पुढे शिकवत राहायचं. जर्मन पोरं हात वर करून म्हणायची, "आल्झो, म्हणजे असं की, हे चूक आहे." मग सर नाटकातल्या राजासारखे कमरेत वाकून मुजरा करायचे. मला चूक दिसायची. पण मी नाशिकचा. आमच्याकडे तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या सरांनी सूर्य पश्चिमेला उगवतो म्हटलं, तर "येस सर, मी तेच म्हणणार होतो" म्हणायची रीत. त्या रीतीवर मी डिस्टिंक्शन काढलं होतं. त्यामुळे सरांची चूक मी वहीत सुबक उतरवून घ्यायचो, खाली पट्टीने रेघही मारायचो.

हीच खोड ते पेपरातही करत. मी दोनदा त्या चुकीच्या आकृत्या कशा बरोबर आहेत हे पानंच्या पानं समजावून सांगितलं आणि दोनदा नापास झालो.

जर्मनीत तिसरा प्रयत्न शेवटचा असतो. त्यात गेलात की कॉलेजातून नाव कमी, आणि तोच अभ्यासक्रम या देशात दुसरीकडेही करता येत नाही. नाव गेलं की व्हिसा गेला. घरी वडिलांनी शेजारपाजारी "जर्मनीचा इंजिनिअर" म्हणून माझी जाहिरात आधीच करून ठेवली होती.

तिसरी परीक्षा तोंडी होती. छोटी खोली, एक फळा, सर, आणि कोपऱ्यात नोंदी घ्यायला बसलेल्या एक प्राध्यापिका. सरांनी हसूनसुद्धा पाहिलं नाही. पहिले प्रश्न पाठ केलेले निघाले, मी धडाधड सुटलो. मग सर उठले आणि त्यांनी एक शाफ्ट, म्हणजे फिरणारा दांडा, काढला, दोन्ही टोकांना त्याला धरून ठेवणारी दोन बेअरिंग. दोन्ही बेअरिंग त्यांनी गच्च आवळून टाकली.

"मी हे असं करतो," ते म्हणाले. "ठीक आहे ना?"

मला दिसलं. लख्ख दिसलं. मशीन चाललं की शाफ्ट तापणार, तापला की लांबणार. एका टोकाला सरकायला जागा हवी, नाहीतर सगळं जाम होऊन बसणार. पहिल्या वर्षाच्या पोरालाही कळतं. माझ्या तोंडातून आलं, "येस सर."

कोपऱ्यात पेन चाललं.

"नक्की?"

"नक्की, सर."

पुन्हा पेन चाललं. सरांनी खडू खाली ठेवला. आता परीक्षा संपल्याचं सांगतील, मी उठेन, आणि खाली उतरेपर्यंत माझं जर्मनीतलं आयुष्य संपलेलं असेल, हे मला स्पष्ट कळत होतं. आणि तरीही जीभ हलेना.

सर खिडकीपाशी गेले. पाठमोरेच म्हणाले, "या मशीनशेजारी तुमची आई उभी आहे. तुम्ही बटण दाबाल?"

मी म्हणालो, "नाही."

"का?"

"कारण तुम्ही चुकलात."

असं वाक्य मी जन्मात कुठल्याही गुरुजीला बोललो नव्हतो. वीज कोसळेल असं वाटलं. कोसळलीच. सर गर्रकन वळले आणि भांडायलाच उठले. मी कारखान्यात आयुष्य घालवलंय, तुम्ही किती गिअरबॉक्स बनवलेत? हे असंच करतात, पुस्तक कोणी लिहिलंय, तुम्ही की मी? प्रत्येक वाक्यागणिक "सॉरी सर" माझ्या दातांपर्यंत यायचं आणि मी ते गिळायचो. शेवटी खडू उचलला, त्यांच्या उजव्या बेअरिंगवर फुली मारली, बाजूला सुटं बेअरिंग काढलं आणि म्हटलं, "तुम्ही कोणीही असा, सर. तापल्यावर शाफ्ट लांबणारच."

मला बाहेर थांबायला सांगितलं. कॉरिडॉरमध्ये उभा राहून मी विमानाच्या तिकिटाचा विचार करत होतो. मग दार उघडून नोंदी घेणाऱ्या प्राध्यापिकाबाईंनीच सांगितलं, पास. त्याखाली फक्त नापास असतं, इतक्या काठावरचा पास.

घरी फोन केला. बाबा रडले. आईने सगळं नीट विचारून घेतलं आणि म्हणाली, "सरांना तोंडावर चुकलात म्हणालास? आधी जाऊन माफी माग. आणि रिकाम्या हाताने जाऊ नकोस."

तेव्हा दुसऱ्या दिवशी, नुकत्याच आलेल्या मित्राबरोबर तिने पाठवलेला बेसनाच्या लाडवांचा डबा घेऊन मी सरांच्या खोलीत गेलो आणि रीतसर माफी मागितली. सर किटलीपाशी उभे होते. आधी मोठ्याने हसले, मग हसणं मध्येच थांबलं. जर्मनीत नवीन होते तेव्हाची गोष्ट त्यांनी थोडक्यात सांगितली. त्यांचा फोरमन एक मशीन चुकीचं जोडत होता. सरांना ते दिसत होतं. पण परका देश, वयाने मोठा माणूस, कसं बोलायचं? त्यांनी मान डोलावली. शेजारच्या कामगाराची दोन बोटं गेली. त्या कामगाराचं नाव त्यांनी दोनदा उच्चारलं.

मग त्यांनी दोन कपांत चहा ओतला, माझ्या कपात दूध जास्त घातलं, एक लाडू तोंडात टाकला आणि डबा आपल्याकडे ओढून घेतला.

"माफी परत घेऊन जा," ते म्हणाले. "डबा राहू दे."