चपला काढून

रात्रभर पावसाने झोडपलं की सकाळी मी आमच्या क्लबच्या फुटबॉल मैदानाभोवती दोरी बांधते. ओल्या मातीत गवताची मुळं सैल झालेली असतात. पाय पडला की पातं चिखलात रुततं आणि मूळ वर येतं. दोरीवर पाटीही असते, ‘मैदान ओले आहे, आत येऊ नये.’

आज पाटीखाली चपलांची रांग लागली होती आणि दोरीपलीकडे फिरायला येणारी मंडळी अनवाणी चालत होती. सकाळी ओल्या गवतावर चाललं की डोळ्यांना चांगलं असतं ना!

एक काका दोरीखालून आत शिरत होते. “अहो काका, मैदान बंद आहे!” मी ओरडले.

“चपला काढल्यात की गं आम्ही!” काका दुखावल्यासारखे म्हणाले, आणि मागून येणाऱ्या काकूंसाठी त्यांनी दोरी अदबीने वर धरली.

नदीला हात जोडायचे आणि त्याच हातांनी निर्माल्याची पिशवी गाठीसकट तिच्यात सोडायची, त्यातलीच ही गत. नमस्कार आपल्याला छान जमतो. राखायचं म्हटलं की बोंब.

गोलसमोर मी गेल्याच आठवड्यात गुडघ्यांवर बसून हरळी लावली होती. तिथे आता नुसता चिखल आहे, आणि त्यात बोटांसकट उमटलेली श्रद्धाळू पावलं.

रोज चालून या सगळ्यांची नजर म्हणे सुधारली आहे. पाटी वाचण्याइतकी मात्र अजून कुणाचीच सुधारलेली नाही.