पानांना रफू

रफूवाल्याच्या हाताखालून गेलेलं भोक पुन्हा कुणाला सापडलं, असं कधी झालं नव्हतं. "सांगा बघू, कुठं होतं?" असं तो गिऱ्हाइकालाच विचारायचा, आणि गिऱ्हाईक कापड उलटंसुलटं करून घामाघूम झालं की खूश व्हायचा. माणूस तसा गरीब, पण ह्या एका बाबतीत भलताच गर्विष्ठ.

त्याची थोरली बहीण त्याच्याहून वरचढ. तिच्या बागेत औषधालाही फूल नाही. सुपाएवढा शोभेचा अळू, तांबडी-जांभळी कर्दळ, रंगीबेरंगी क्रोटन, नुसती पानंच पानं! "फुलं काय, कुणीही लावतं. पानं लावायला छाती लागते," ती म्हणायची. लेकीच्या बाळंतपणाला निघाली तेव्हा भावाला घरी राहायला बोलावून तिनं दाराआडच्या अंधाऱ्या कोपऱ्यातली एक कुंडी दाखवली.

"ह्या मॉन्स्टेराच्या वेलीच्या एका जरी पानाला धक्का लागला ना, तर तोंड दाखवू नकोस. माझी इज्जत आहे त्यात."

इज्जत कसली, ते तिनं सांगितलं नाही. ह्यानंही विचारलं नाही. ताईला प्रश्न विचारायची त्या घरात पद्धतच नव्हती.

पहिल्याच आठवड्यात कुंडीवर आपटून त्याची नडगी सोलली. तेव्हा चिडून त्यानं ती ओढत बागेत नेली आणि वेल एका झाडाच्या बुंध्याला बांधून टाकली. उजेड मिळाला तशी वेल फोफावली. आणि एके सकाळी नवं पान उलगडलं, तर त्याला भोकं! पुढच्या पानाला त्याहून जास्त!

कीड, दुसरं काय? त्यानं साबणाचं पाणी मारलं, राख फासली, हातात चप्पल घेऊन किड्याची वाट बघत बसला. किडा काही येईना आणि भोकं काही थांबेनात. तशात ताईचा फोन आला, "उद्या येतेय. सोबत जाऊबाई आहेत." शेवटी हातातली विद्या कामी आली. हिरव्या रेशमाचे तुकडे, रंगाला रंग जुळवलेला दोरा, बारीकातली बारीक सुई; जेवणखाण विसरून त्यानं एकूण एक भोक बुजवलं.

दुसऱ्या दिवशी ताई आली ती थेट बागेत. मागोमाग जाऊबाई. मॉन्स्टेराच्या पानांवरून नजर फिरवत त्या म्हणाल्या, "मोठी झालीत हं पानं. पण भोकं काही पडली नाहीत ना? आमच्याकडे बघा, अगदी जाळी! जातिवंत झाडालाच पडतात म्हणे."

ताईचं तोंड एवढंसं झालं. कित्येक वर्षं ती ह्या भोकांचीच वाट बघत होती, हे रफूवाल्याला आत्ता कळलं. आपलं काम ओळखू आलं नाही म्हणून इकडे ह्याची छाती फुगलेली, तिकडे ताईच्या डोळ्यांत पाणी. गप्प बसला असता तर त्याचं नाव राहिलं असतं. पण ताईकडे बघवेना.

त्यानं खिशातून कात्री काढली. "पडली होती गं ताई. मीच मूर्खासारखी बुजवली. मला वाटलं, कीड." आणि तो सगळ्यांदेखत टाके उसवू लागला. पहिलं भोक मोकळं झालं, त्यातून पलीकडची भिंत दिसली.

"मुडद्या!" ताई ओरडली, आणि मग हसता हसता रडायलाच लागली.

जाऊबाईंनी शेजारचं पान डोळ्यांशी धरलं. "अगंबाई, हे रफू आहे? कळतसुद्धा नाही हो! माझ्या रेशमी शालीला एक भोक पडलंय, तेवढं—"

"नंतर, जाऊबाई," ताई डोळे पुसत ऐटीत म्हणाली. "आधी आमची भोकं मोकळी होऊ देत."