आईच्या वाटणीचा तांब्या

सुनेनं गुलकंदाची बरणी उघडली आणि गावठी गुलाबाच्या वासासरशी माझ्या घशाला कोरड पडली. लोकांना या वासानं गार वाटतं, मला मात्र बहात्तरचा दुष्काळ आठवतो.

नगरजवळच्या आमच्या गावात विहिरीनं तळ गाठला होता. माझे वडील, दादा, प्यायला माणशी एकच तांब्या पाणी देत. एका दुपारी ते दुष्काळी कामावर खडी फोडून आले, तर अंगणातला आईचा गुलाब टवटवीत! त्यांनी बुडाशी बोट खुपसलं. माती ओली होती.

"पोरं पान्यावाचून रडत्यात अन् तू झाडाला घालती?" त्यांनी कुऱ्हाडच उचलली. मी खांबाला चिकटले.

आई झाडापुढं उभी राहिली. "माझ्या वाटनीचं घातलंय. माय गेली, तिच्या हातची एवढी काडीच राह्यलीया."

दादा तिच्या तोंडाकडं बघत राहिले. मग कुऱ्हाड टाकून त्यांनी स्वतःचा तांब्या पुढं केला. "हितं माझ्यासमोर पी."

ती प्याली. शेवटचा घोट मात्र तिनं तोंडातच धरला, आणि दादा वळताच गुलाबाच्या बुडाशी सोडला.

तेव्हा मला हसू फुटलं होतं. तिचे भेगाळलेले ओठ मला आत्ता दिसतायत.