शेजारच्या होडीची मोटार

खानावळीसाठी मासे मी आदल्या संध्याकाळी निफाडजवळच्या धरणावर सांगून ठेवते आणि सकाळी नेते. माझा मासेवाला काठावर आला की आधी होडीची मोटार उभी धरून आतलं पाणी निथळू देतो, मगच बोलतो. शेजारच्या होडीवाल्या चुलतभावाशी मात्र त्याचा अबोला आहे. हातभर अंतरावरचे निरोपही माझ्यामार्फत जातात.

दव गोठायच्या दिवसांत एका संध्याकाळी तो म्हणाला, "ताई, त्याला सांगा, मोटार आडवी नको टाकू. आत पाणी गोठलं तर फुटंल."

"त्याला म्हणावं, सोताची बघ," असं म्हणून भाऊ मोटार तशीच टाकून घरी गेला.

ती फुटली असती, तर भावाचा उरलेला हंगाम बुडाला असता. हा थोडा वेळ जाळं आवरत बसला. मग उठून त्याने ती जड मोटार उभी केली, शेवटचा थेंब पडेपर्यंत धरली आणि वर आपलं पोतं बांधलं.

सकाळी भाऊ माझ्यावरच डाफरला, "ताई, माझ्या मोटारीला हात लावायचा नाय, सांगा त्याला."

"बरं म्हणावं," हा मासे तोलत म्हणाला.

पुढच्या खेपेला गेले, तर भाऊ तोंड फिरवून, मोटार उभी धरून बसला होता. ह्याने ते पाहिलं. माझ्याकडे निरोप मात्र काही दिला नाही.