मायची बाज

माझी माय मरायच्या आधीच आमच्या लोकांनी तिला मेल्यात जमा केलं होतं. आता माझेच केस पांढरे झालेत, पण तो राग काही गेला नाही. कोणी "रीतच आहे बाई तशी" म्हणालं, की आजही माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. माझं माहेर इंझोरीचं. मायच्या छातीत पाणी झालं म्हणून भावानं तिला बैलांच्या दमणीत घालून कारंजाला नेलं. डॉक्टरनं तपासलं आणि सांगितलं, आता औषधाचा उपयोग नाही, घरी न्या. फक्त सपाट झोपवू नका, पाठीशी उशा देऊन बसतं ठेवा आणि मागेल ते खाऊ-पिऊ द्या. निरोप मिळाला तशी मी वाशीमहून, सासरहून, आले.

माय ओसरीत बाजेवर बसलेली होती. पाठीशी दोन उशा, अंगावर गोधडी. कापूस वेचायचे दिवस होते. वावरात निघालेल्या बाया समोरून जायच्या आणि माय तिथूनच विचारायची, "काव, यंदा बोंडं कशी हायेत?" दम लागायचा, तरी विचारायची. बरं वाटायचं मला ते ऐकून.

एका दुपारी तिला मोठा ठसका लागला आणि डोळे फिरले. झालं! काका, म्हणजे वडलांचे धाकटे भाऊ, ओरडलेच, "खाली घ्या! बाजेवर जीव गेला तं गती नाई भेटत!" वडील गेल्यापासून घरात शब्द त्यांचाच. सारवलेल्या भुईवर सतरंजी टाकली आणि मायला तिच्यावर सपाट निजवलं. तोंडात गंगाजल आणि तुळशीचं पान घातलं. बाज उचलून भिंतीला उभी केली. आमच्याकडं बाज उभी दिसली की गाव समजायचं ते समजतं. बाया आल्या, पदर तोंडाला लावून रडायला बसल्या.

आणि मायनं डोळे उघडले. तुळशीचं पान थुंकून टाकलं. म्हणाली, "काहून रडून राह्यल्या व? मी हाये न अजून. मले बसतं करा, जीव कोंडून राह्यला."

मी बाज ओढायला धावले, तर काका आडवे आले. "एकदा खाली घेतलेलं माणूस परत वर घेत नाई. घरावर संकट येते."

"डाक्तर काय म्हणला, काका? सपाट झोपवू नका म्हणला न?"

"डाक्तर काय तिले गती देईन?"

उशी मागितली, तर उशीही चालत नाही म्हणे. आता बोला! थंडीचे दिवस, गार भुई, आणि सपाट पडलेली माय घर्रघर्र करत श्वास ओढते आहे. डोळे त्या उभ्या बाजेवर. माझा भाऊ, मारक्या बैलाला एकटा आवरणारा गडी, काकांपुढं मांजर होऊन दाराशी उभा. मला इतका संताप आला, की सगळ्यांना घराबाहेर हाकलावंसं वाटलं. देश मोकळा झाला म्हणत होते. माझ्या मायला स्वतःच्या बाजेवर बसायची मोकळीक नव्हती.

मग मी भुईवरच बसले. मायच्या मागं पाय पसरले, तिला उचलून माझ्या छातीशी टेकवलं आणि तिची गोधडी दोघींवर ओढून घेतली. तिचा श्वास हळूहळू सुटा झाला.

"लेकीच्या अंगावर जीव जाऊ नाई," काका म्हणाले. "लेक परक्या घरची."

"मंग तुमी बसा इथं. मी आत्ता उठते. या न, बसा!"

कोणी बसलं नाही. मायनं चहा मागितला. काका पुटपुटले, आता तोंडात गंगाजलच जायला पाहिजे. मी आत हाक मारली, "वयनी, चहा आन व, साखर जास्त टाक!" वहिनीनं काकांकडं पाहिलंच नाही. तिनं आणलेला चहा मी मायला बशीतून घोट घोट पाजला. "गोड हाये," माय म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ऊन ओसरीत आलं तेव्हा ती तशीच टेकलेली गेली. माझे पाय बधिर झाले होते.

तेराव्याला शय्यादान होतं. मेलेल्या माणसाला वर सुखानं झोपता यावं म्हणून महाराजांना, म्हणजे भटजींना, अख्खं अंथरूण दान द्यायचं. काका स्वतः कारंजाच्या बाजारात जाऊन आले होते. नवी बाज, कोरी गादी, फुलाफुलांची चादर. जिथं मायला भुईवर निजवलं होतं, तिथंच ती बाज मांडली. काकांनी चादरीची सुरकुती हातानं साफ केली, दोन उशा एकीवर एक रचल्या, आणि डोळे पुसत महाराजांना म्हणाले, "दोन ठेवल्या, महाराज. एका उशीनं आमच्या वयनीले दम लागे."

"म्हंजे तुमाले ठाऊक होतं!" साऱ्या भाऊबंदांसमोर मी ओरडले. "मंग तवा काहून नाई देल्ली?"

काकांचा हात उशीवर तसाच राहिला.