सातव्या महिन्यात हरवणाऱ्या बाया

माझी लेक हरवली आहे हे मला कळलं, तेव्हा ती माझ्याच स्वयंपाकघरात ओट्याला टेकून तिखटमीठ लावलेली कैरी खात होती.

फोन इंझोरीहून होता, तिच्या सासूचा. आमच्या विहीणबाईंचा आवाज मुळातच मोठा. त्यात इंझोरी ते वाशिम हे अंतर फोनने नाही तर आवाजानेच कापायचं असतं, अशी त्यांची समजूत.

"इहीनबाई, सून कुठी हाय?"

"इथंच आहे. कैरी खाते आहे."

"मंग ते आशाताई कायले आमच्या दारात येऊन राह्यली? म्हनते, तुमची सून कम्पुटरमधी लाल झाली, हरवली. आख्खी गल्ली जमा झाली ना इथं! मी म्हटलं, हरवन काहून? तिच्या मायनंच नेली बाळंतपनाले. आन तिची माय तर त्या कम्पुटरची सायेब हाय!"

कम्प्युटरची साहेब म्हणजे मी. जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यांत जे काही संगणकावर चालायचं, त्या कार्यक्रमाची प्रमुख. मी फोन ठेवला, लॅपटॉप उघडला, लेकीचा नंबर टाकला. इंझोरीच्या यादीत तिचं नाव लाल रंगात होतं आणि पुढे लिहिलं होतं, 'पाठपुरावा सुटला.' मग वाशिमच्या यादीत शोधलं. तिथे, 'नोंद आढळली नाही.'

लेक मागून डोकावली. "आई, मी आहे का नाई वं नेमकी?"

आता त्या साहेबीणबाईंची थोडी ओळख करून द्यायला हवी, कारण आज मला ती बाई रस्त्यात भेटली तर मी तिला कोपराने ढोसेन. मी मुळात टायपिंगवाली. वाशिम नवा नवा जिल्हा झाला तेव्हा दवाखान्याच्या ऑफिसात पहिला संगणक आला. त्याच्या खोलीत चपला बाहेर काढून जायचं असा नियम होता, आणि तो नियम मीच केला होता. मशीनवर प्लॅस्टिकचं झाकण, झाकणावर माझ्या हाताने भरलेला रुमाल. पुढे क्लास केले, परीक्षा दिल्या, कंत्राटी का होईना पण एकेक पायरी चढत कार्यक्रमप्रमुख झाले, आणि मग मात्र डोक्यात हवा गेली. सरकारी जीपमधून गॉगल लावून उतरायची मी! आणि भाषण एकच: "बायांनो, आता कार्ड सांभाळायची गरज नाही. तुमची सगळी माहिती एका क्लिकवर!" लेकीलासुद्धा मीच सांगितलं होतं, "कार्ड राहिलं तर राहू दे इंझोरीला, आपल्याकडे सगळं ऑनलाइन आहे."

घ्या ऑनलाइन.

त्या नव्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक गरोदर बाईला एकच गाव होतं. नोंद झाली ते गाव, म्हणजे बहुतेक वेळा सासर. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात तिथे रक्त तपासायचं, वजन घ्यायचं, सगळं भरायचं. मग सातव्यात ओटी भरली की पोरगी निघाली माहेरी. आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी, हे कुणाला सांगावं लागत नाही. सासरची नर्स तिची पुढची तपासणी भरू शकत नाही, कारण बाई गावात नाही. माहेरची नर्स भरू शकत नाही, कारण बाई तिच्या यादीत नाही. थोडे आठवडे गेले की यंत्र तिला लाल करून मोकळं. म्हणजे बाईला जेव्हा दवाखान्याची खरी गरज, नेमकी तेव्हाच ती दवाखान्याच्या हिशेबी नाहीशी.

मीटिंगमध्ये मी या लाल नावांवरून नर्सना फैलावर घ्यायची. "एवढ्या बाया हरवतात कशा?" एखादी म्हणायची, "माहेरी गेल्या असतीन, मॅडम." त्यावर मी बाणेदारपणे, "'असतील' हे उत्तर होत नाही!" आणि हे कोण म्हणतंय, तर जी स्वतः दोन्ही बाळंतपणांना कारंज्याला आईकडे जाऊन डिंकाचे लाडू खाऊन आली ती. पदवी, परीक्षा, गॉगल, सगळं होतं. आपण बाई आहोत एवढंच ऑफिसात जाताना घरी विसरून जायचे.

लेकीचं रक्त निगेटिव्ह गटाचं आहे हे इंझोरीला कळलं होतं. तिला ते पाठ होतं, म्हणून वाशिमला सांगता आलं. जिला पाठ नसेल तिचं काय? अशा बाईला वेळेवर इंजेक्शन मिळालं नाही तर पुढच्या बाळाच्या जिवावर बेतू शकतं. त्या संध्याकाळी मी ठरवलं, हे सॉफ्टवेअर असंच पुढे जाऊ द्यायचं नाही.

आणि ते अडवायची जागा माझ्याच हातात होती. आमच्या जिल्ह्यात ते चाचणीवर होतं. 'काम पसंत आहे' अशी माझी सही झाली की ते बाकीच्या जिल्ह्यांत जाणार, आणि एकदा गेलं की करार संपेपर्यंत त्यात काना-मात्रासुद्धा बदलणार नव्हता. सही त्याच आठवड्यात हवी होती.

कंपनीचा इंजिनियर पुण्याहून आला. हुशार, नम्र. मी म्हटलं, बाईला दोन गावं द्या. तो म्हणाला, "मॅडम, एका पेशंटला एकच पत्ता, ही रचनाच आहे. नाहीतर नोंदी दुप्पट होतील."

"तुमचा जन्म कुठला?"

"साताऱ्याचा. आजोळी."

"आणि वडील तेव्हा कुठे होते?"

"पुण्यात. नोकरी होती."

"म्हणजे तुमच्या रचनेप्रमाणे तुमची आई तेव्हा हरवली होती."

तो हसला, पण रचना काही हसली नाही. "पुढच्या आवृत्तीत बघू," म्हणाला. सरकारी कामात 'पुढच्या आवृत्तीत' म्हणजे काय, हे ज्याने एकदा ऐकलं त्याला पुन्हा विचारावं लागत नाही.

मग मुंबईच्या मोठ्या साहेबांचा फोन. "तुमच्या एका सहीसाठी सगळं राज्य थांबलंय."

"मग राज्यातल्या बायांसाठीच थांबलंय, साहेब."

"तुमच्या कराराची फाइलही माझ्याच टेबलावर आहे, बरं का." हे ते अगदी प्रेमाने म्हणाले.

आमचा करार अकरा महिन्यांचा. दरवर्षी एक सही आणि आपण पुन्हा जिवंत. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो तुरीची डाळ निवडत होता. मान वर न करता म्हणाला, "सही नाई केली तर काय करतीन?"

"घरी बसवतील."

"बसजो मंग. डाळ निवडाले माणूस लागतेच."

दुसऱ्या दिवशी जीप दुरुस्तीला गेली. कुठली दुरुस्ती कोण जाणे, कारण ती ऑफिसच्याच अंगणात धुऊनपुसून उभी दिसायची. मी तिच्याकडे बघत एस.टी. स्टँडवर गेले आणि कारंज्याची गाडी पकडली. गॉगल पर्समध्येच राहिला. एस.टी.त गॉगल लावला असता तर कंडक्टरने सवलतीचा पास मागितला असता, आंधळी समजून.

कारंजा, मानोरा, पोहरादेवीकडची गावं, असा आठवडाभर फिरले. प्रत्येक नर्सला एकच सांगितलं: तुमच्या गावात माहेरी आलेल्या पोरींना तपासणीच्या दिवशी कारंज्याला पाठवा. आणि मुंबईच्या साहेबांना निरोप धाडला की सहीबद्दल समोरासमोरच बोलू, कारंज्यात. ते आले. मला वाटतं, मला गप्प करायलाच आले होते.

मी त्यांना ऑफिसात बसवलंच नाही. सरळ तपासणीच्या हॉलमध्ये नेलं. बाकांवर, जमिनीवर, दारात बायाच बाया. पोटं पुढे, शेजारी त्यांच्या आया, पिशव्यांतून फुटाणे आणि पाण्याच्या बाटल्या.

मी म्हटलं, "साहेब, या सगळ्या हरवलेल्या आहेत. कुणाचाही नंबर टाकून बघा."

इंजिनियर सोबत होता. त्याने एक नंबर टाकला: लाल. दुसरा टाकला: लाल. तिसऱ्याला साहेबांनी स्वतःच पुढच्या बाकावरच्या पोरीला विचारलं, "कुठलं गाव तुमचं?"

ती गोंधळली. आईकडे पाहिलं. मग म्हणाली, "कोनतं सांगू? सासरचं का माहेरचं?"

तिची आई फिस्कन हसली. "सांग ना वं दोन्ही! सायेबाले लिवता येत असन."

हॉल खदखदून हसला. साहेब हसले नाहीत. घाम पुसला, बाकावर जागा मिळेना म्हणून उभेच राहिले, आणि त्या लाल ओळी एकेक करून वाचल्या. मग चिडूनच इंजिनियरला म्हणाले, "किती दिवस लागतील?"

"करता येईल, सर. पण वेळापत्रक..."

"वेळापत्रक मी बघतो." मग माझ्याकडे वळून, "आणि तुम्ही सही आज करा. काम होईल, माझा शब्द आहे."

मी म्हटलं, "काम झालं की करते, साहेब. माझाही शब्द आहे."

त्यांनी ज्या नजरेने पाहिलं, त्यावरून वाटलं की आपली फाइल त्यांच्या टेबलावरून आता टेबलाखाली जाणार.

काम व्हायच्या आधीच माझी नात झाली. बाळ-बाळंतीण सुखरूप, इंजेक्शनही वेळेवर दिलं. संगणकात मात्र तिची आई तेव्हाही हरवलेलीच होती. विहीणबाई बारशाला आल्या त्या दारातूनच ओरडल्या, "सापडली का वो तुमची पोट्टी?"

बदल आला तेव्हा मी मानोऱ्याला गेले, पुन्हा एस.टी.नेच. गावातलीच एक लेक बाळंतपणाला आली होती, सासर कारंज्याकडचं. सोबत तिची आई, डोक्यावरचा पदर दातांत धरून. नर्सने नंबर टाकला. चक्र फिरत राहिलं, फिरत राहिलं. नेट तसंही मानोऱ्यात पोचेपर्यंत दमतं. मी देवाचं नाव घेतलं, मग इंजिनियरचं घेतलं, आणि दुसरं नाव काही देवाला शोभेल अशा शब्दांत नव्हतं.

मग पान उघडलं. सासरचं गाव, सध्याचं गाव, दोन्ही. खाली सासरची सगळी तपासणी. नर्स वाचता वाचता थांबली. "हिचं रक्त लय कमी हाय, मॅडम. मागच्याच वेळी लिवलं तिथं." तिने पोरीला रांगेतून उठवून सरळ डॉक्टरांकडे नेलं.

आई माझ्या बाजूला राहिली. पदर सोडून म्हणाली, "बाई, माह्या पोरीचं रगत कमी हाय हे इथं कसं समजलं? मलेच तर नाई सांगतलं तिनं."

"सासरच्या दवाखान्यानं सांगितलं."

"बरं झालं कोनं तरी सांगतलं," ती म्हणाली, आणि लेकीच्या मागे डॉक्टरांच्या खोलीत गेली.

मी तिथेच, नर्सच्या टेबलावर, कागद काढला आणि सही केली.