गिधाडं परत आली त्या दिवशी

माझे वडील जनावरांचे डॉक्टर होते. आमच्या घराण्यात त्यांच्याआधी कुणी गायीच्या पोटात हात घातला नव्हता. आजोबा पूजा सांगायचे, चुलते कचेरीत कारकून होते. बाबांच्या अंगाला शेणाचा आणि औषधाचा वास यायचा, आणि नातेवाईक लग्नकार्यात त्यांच्यापासून जरा अंतर राखूनच बसायचे. बाबांना त्याचं काही वाटत नसे.

त्यांचा दवाखाना पैठण रस्त्यावरच्या एका गावात होता आणि आम्ही बिडकीनला दोन खोल्यांत राहायचो. सुट्टीच्या दिवशी ते मला स्कूटरवर पुढं उभं करून फेरीला न्यायचे. गावाबाहेर मेलेली ढोरं टाकायची एक माळाची जागा होती, तिला हाडवळा म्हणत. तिथं गिधाडं बसलेली असायची. टकली डोकी, उघड्या माना, आणि खांदे वर काढून थंडीत बसलेल्या म्हाताऱ्यांसारखी बसण्याची तऱ्हा. मला त्यांची भीती वाटायची. बाबा मात्र मुद्दाम स्कूटर थांबवायचे.

"घाण नाही ती," ते म्हणायचे. "ती आहेत म्हणून आपण इथं राहतोय. मेलेला बैल सकाळी टाकला तर संध्याकाळी नुसता सांगाडा राहतो. हे काम माणसानं करायचं म्हटलं तर जमेल का?"

पुढं आम्ही शहरात राहायला आलो. दुष्काळाची वर्षं आली तेव्हा मी कॉलेजात होते. बाबांची नेमणूक चारा छावणीवर झाली. अंधार पडल्यावर ते घरी यायचे तेव्हा चपलांत, कानांत, भुवयांत धूळ असायची. उपाशी जनावर एकदा बसलं की उठत नाही, आणि उठलं नाही की मरतं. सांधे सुजलेल्या, ताप भरलेल्या जनावरांना बाबा दुखणं थांबवणारं एक इंजेक्शन द्यायचे. मी एकदा त्यांचा डबा घेऊन छावणीवर गेले होते. एक म्हैस सकाळपासून पडून होती, ती माझ्यासमोर पाय झाडत उठली. तिची मालकीण पदर तोंडाला लावून रडत होती. बाबा तिच्याकडे न बघता सिरिंज धुवत होते, पण मान ताठ होती. त्या दिवशी मला त्यांचा अभिमान वाटला होता.

गिधाडं कधी दिसेनाशी झाली ते आमच्या लक्षातही आलं नाही. शहर वाढलं म्हणून गेली असतील, असंच सगळे म्हणायचे. ते पटण्यासारखंही होतं. चितेगावच्या पुढं कारखाने झाले, बिडकीनच्या जमिनी उद्योगांसाठी गेल्या, हाडवळ्याच्या जागेवर प्लॉट पडले आणि कमान उभी राहिली. खरं कारण मी बऱ्याच वर्षांनी वर्तमानपत्रात वाचलं. जनावरांना दिलं जाणारं डायक्लोफिनॅक नावाचं औषध त्यांच्या मांसात राहायचं, आणि ते मांस खाल्लं की गिधाडाची मूत्रपिंडं निकामी व्हायची. त्या औषधावर जनावरांसाठी बंदीही आली होती. बाबांना हे माझ्याआधी कळलेलं असणार. मी तो अंक टीपॉयवरून उचलून आत ठेवला. आमच्यात त्यावर कधी बोलणं झालं नाही.

आई गेल्यावर बाबा आमच्याकडे पडेगावच्या फ्लॅटवर राहायला आले. मी तोवर पक्षी बघणाऱ्यांच्या एका गटात जाऊ लागले होते. एका जानेवारीत बातमी आली की कन्नडच्या पुढं डोंगरात एका कड्यावर गिधाडांनी पुन्हा घरटी केली आहेत. मी बाबांना विचारलं, "येता का?"

"मी कशाला?" ते म्हणाले.

पण रविवारी पहाटे मी उठले तेव्हा ते स्वेटर, कानटोपी घालून सोफ्यावर बसलेले होते.

कड्याखाली पोचलो तेव्हा ऊन नुकतंच वर चढत होतं. गटाची प्रमुख एक तरुण प्राध्यापिका होती. तिनं तिपाईवर मोठी दुर्बीण लावली आणि आम्हाला सांगितलं, आधी पक्षी शोधू नका, दगडावर चुन्यासारखे पांढरे ओघळ शोधा. ते ओघळ सापडले. त्यांच्यावरच्या कपारीत काटक्यांचा ढीग होता आणि त्यावर एक मोठा पक्षी निवांत बसलेला. थोड्या वेळानं खडक तापला तसा दुसरा एक कपारीतून सुटला, पंख न हलवता गोल गोल वर चढत गेला. 

बाबांनी दुर्बिणीला डोळा लावला आणि काढलाच नाही. "त्याची मान बघ," ते मला म्हणाले. "बोडकीच आहे अजून." ते हसले. आई गेल्यापासून ते असे हसलेले मी पाहिले नव्हते.

मग सगळे उभ्या उभ्या पोहे खात असताना त्या प्राध्यापिकेनं नवीन सदस्यांना गिधाडं का संपली ते सांगितलं. तिनं कुणावर राग काढला नाही. औषध, दवाखाने, बंदी, असं साधं सांगितलं. शेवटी ती बाबांकडे वळली. "काका, तुम्ही कोणत्या नोकरीत होतात?"

बाबांनी खाली पोह्यांच्या प्लेटकडे पाहत म्हटलं, "तहसिलात. कारकून होतो."

मी त्यांच्या शेजारी उभी होते. मला पहिल्यांदा काय वाटलं ते लिहायला नको वाटतं, पण मला सुटल्यासारखं वाटलं. चला, निभावलं. वाईट वाटलं ते नंतर. ज्या कामापायी त्यांनी नातेवाइकांनी नाकं मुरडलेली सोसली, ते काम त्यांनी पोह्यांच्या घासाबरोबर गिळून टाकलं होतं, आणि मी मान डोलावून त्यांना साथ दिली होती.

परतताना घाटाखाली एका टपरीवर सगळे चहाला थांबलो. तिथं बाकड्यावर घोंगडं घेतलेले एक म्हातारे बसले होते. बाजूला त्यांच्या शेळ्या होत्या. ते बाबांकडे बराच वेळ बघत राहिले आणि मग उठून सरळ पाया पडायला वाकले.

"डॉक्टरसायेब, वळखलं नाय व्हय? छावणीवर व्हतो आमी. माझी म्हस पडली व्हती. तुमी सुई दिली अन् उठली का नाय ती?"

बाबा त्यांना खांद्याला धरून उठवू लागले. "व्हय, व्हय. बसा तुम्ही."

म्हातारे बसले नाहीत. ते आमच्या गटाकडे वळले. "लई भला मानूस हाय. त्या टायमाला बंगल्यातले सायेब यायचे नाय, ह्ये मातर रोज यायचे. ती म्हस पुढं दोनदा व्याली. पोरीचं लगीन तिच्या दुधावर केलं मी. इकडं लेकीकडंच असतो आता."

चहाचे कप सगळ्यांच्या हातात तसेच राहिले. प्राध्यापिकेनं एकदा बाबांकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं. मी नजर वळवून शेळ्यांकडे बघायला लागले. माझे कान तापले होते. खोटं बाबांचं होतं, पण ते मला ठाऊक होतं हे आता सगळ्यांनाच कळलं होतं.

प्राध्यापिका हळूच म्हणाली, "काका, तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. तुमचा काही दोष नाही."

तिनं दिलेली वाट बाबांनी घेतली असती तर सगळं तिथंच मिटलं असतं. बाबांनी कप बाकड्यावर ठेवला.

"मला माहीत होतं," ते म्हणाले. "ही छावणीची गोष्ट बंदीनंतरची आहे. दवाखान्याच्या कपाटात बाटल्या शिल्लक होत्या. त्याऐवजी जे नवीन औषध द्यायचं ते आमच्यापर्यंत आलं नव्हतं. जनावरं पडलेली होती. मी म्हटलं, एवढ्या संपवून टाकू. सगळा उन्हाळा मी तेच दिलं. मेलेली जनावरं उघड्यावर टाकली जायची, तेही मला दिसत होतं."

मला यातलं काही माहीत नव्हतं. माझ्यासमोर उठलेली म्हैस मला आठवली, आणि सिरिंज धुताना ताठ असलेली त्यांची मान.

म्हाताऱ्यांना हे बोलणं नीट उमगलं नव्हतं. त्यांनी विचारलं, "काय झालं, सायेब?"

बाबांनी त्यांना समजावलं. जी सुई तुमच्या म्हशीला दिली, तशी सुई दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की गिधाडं मरायची. म्हातारे ऐकत राहिले. मग म्हणाले, "आस्सं. पर माझी म्हस तर नाय मेली." थोडं थांबून त्यांनी पुन्हा विचारलं, "मंग तवा काय करायचं व्हतं तुमी?"

"ते मलाही कळलं नाही," बाबा म्हणाले.

आम्ही गाडीत बसून निघालो. दौलताबादच्या कमानीत ट्रक अडकले होते, तिथं बराच वेळ थांबावं लागलं. बाबा खिडकीकडे तोंड करून बसले होते. मी म्हटलं, "बाबा, मला सांगायचं होतंत."

"तुझ्या आईलाही सांगितलं नव्हतं," ते म्हणाले. "तुला गिधाडं दाखवायला न्यायचो ना मी. कुठल्या तोंडानं सांगायचं?"

त्या संध्याकाळी गटाच्या व्हॉट्सअॅपवर सगळ्यांनी फोटो टाकले. टपरीवरच्या प्रसंगाबद्दल कुणी अक्षर लिहिलं नाही. मी प्रत्येक फोटो मोठा करून पाहिला, बाबा कुठं दिसतात का म्हणून. ते नव्हते, तेव्हा मला बरं वाटलं. फोन बाजूला ठेवल्यावर त्या बरं वाटण्याची लाज वाटली. शेजारच्या खोलीत ते रेडिओवर बातम्या ऐकत होते. मी उठून त्यांच्याजवळ जाऊन बसायला हवं होतं. मी स्वयंपाकाला लागले.

मार्चमध्ये गट पुन्हा त्याच कड्यावर जाणार होता. त्या वर्षीही पाऊस नीट झालेला नव्हता, आमच्या सोसायटीत टँकर सुरू झाले होते. मी बाबांना काही बोलले नाही. त्यांना ते माझ्या फोनवरच्या बोलण्यातून कळलं.

"मला बोलावलं नाही का त्यांनी?" त्यांनी विचारलं.

"सगळ्यांनाच बोलावलंय," मी म्हटलं. "तुम्हाला यावंसं वाटेल का, ते मला कळेना."

"तुला मी यावं असं वाटतं का?"

मी फोन चार्जिंगला लावायला वळले. बाबांनी ते पाहिलं. तरी रविवारी ते आले.

प्राध्यापिका गाडीत मुद्दाम त्यांच्या शेजारी बसली. आता सुजेवर कोणतं औषध देतात, खेड्यातल्या औषधांच्या दुकानात जुनं अजून कुणी मागतं का, मेलेलं जनावर पुरायचं तर किती खोल, असं ती विचारत होती आणि बाबा सांगत होते. सुरुवातीला अडखळत, मग दवाखान्यात बोलायचे तसं सरळ. कड्याखाली पोचल्यावर नव्या माणसांच्या ओळखी झाल्या. मग बाबांची पाळी आली.

"मी जनावरांचा डॉक्टर होतो," ते म्हणाले. "ज्यांनी ते इंजेक्शन दिलं, त्यातला एक."

समोरचा बँकेतला गृहस्थ 'अच्छा' म्हणाला आणि गळ्यातली दुर्बीण पुसू लागला. दोघीतिघी दुसरीकडे बघू लागल्या. मीही बघितलं असतं, पण या वेळी मी बाबांच्या बाजूला जाऊन उभी राहिले. ते त्यांना कळलं की नाही, मला माहीत नाही.

कपारीत आता पिल्लू होतं, जवळजवळ आईएवढंच. ते काठावर येऊन पंख उघडायचं, दोन-चार फटके मारायचं आणि पुन्हा मागं सरकायचं. बाबा दुर्बिणीवर वाकले. त्यांच्या मागं सगळ्यांची रांग लागली. ऊन डोक्यावर आलं, रांगेतली माणसं पाय बदलायला लागली, एकानं घड्याळाकडे पाहिलं. बाबा हलेनात. शेवटी मी त्यांच्या पाठीला हात लावला आणि म्हटलं, "बाबा, बाकीचे थांबलेत."

"थांब जरा," ते म्हणाले. "पुन्हा काठावर येतंय."